लोआर खोऱ्यातील शातोंची मोटारसफर

लोआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या शेर, अँद्र व व्हिएन या नद्यांच्या काठी राजांनी, राण्यांनी आणि दरबारी मंडळींनी गढ्या व महाल बांधले. त्यांना शातो म्हणतात. गावोगावी मुक्काम करत, मोटारीने आडरस्त्यांवरून हे शातो पाहणे हा फ्रान्समधील एक जुना आणि लोकप्रिय प्रवासप्रकार आहे. स्यूली-स्युर-लोआर ते शालोन-स्युर-लोआर हा सुमारे २८० कि.मी.चा पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा यादीत घेतला. त्यातल्या शाँबोर या शातोला तो मान १९८१ सालीच मिळाला होता.

इतके महाल एकाच खोऱ्यात एकवटले याचे कारण राजकीय आहे. इंग्रजांशी चाललेल्या शतवर्षीय युद्धात पॅरिस हातचे गेले आणि फ्रेंच दरबार लोआरकाठी आला. व्हिएन नदीवरच्या शिनाँ किल्ल्यात १४२९ साली जोन ऑफ आर्क सातव्या चार्ल्सला भेटली, ती याच काळात. युद्ध संपले, तरी पुढची कित्येक दशके राजे इथेच रमले. घनदाट जंगल, भरपूर शिकार, मालवाहतुकीला नदी आणि बांधकामाला तुफो नावाचा पांढरा, मऊ चुनखडक असे सारे हाताशी होते. तुफो चिरायला व कोरायला सोपा. तो काढून उरलेल्या कपारींत आजही वाइन मुरते, अळंबी पिकतात आणि काही ठिकाणी माणसेही राहतात.

गढीचा महाल कसा झाला हे पाहायचे तर सुरुवात लांजेपासून करावी. अकराव्या लुईने १४६५च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या वास्तूला दोन तोंडे आहेत. गावाकडून पाहिले तर उचलता पूल, जाडजूड बुरूज आणि माथ्यावर शत्रूच्या डोक्यात दगड टाकण्यासाठी ठेवलेल्या फटी दिसतात. दरवाजा ओलांडून आतल्या चौकात यावे, तर त्याच इमारतीला मोठाल्या खिडक्या आहेत आणि समोर बाग पसरलेली आहे. आठवा चार्ल्स आणि ब्रिटनी संस्थानाची अ‍ॅन यांचे लग्न १४९१ साली इथेच लागले आणि ब्रिटनी फ्रान्सच्या राजघराण्याशी जोडली गेली. तिथून जवळच असलेल्या आझे-ल-रिदो येथे, १५१८ साली सुरू झालेल्या शातोत, बुरूज नुसते शोभेचे उरले आहेत. अवघ्या पन्नास-साठ वर्षांतला हा फरक एका दिवसात डोळ्यांनी पाहता येतो. असा इतिहासाचा धडा कुठल्याही संग्रहालयात मिळणे कठीण.

या बदलामागे इटली होती. आठव्या चार्ल्सने तिथल्या स्वारीवरून येताना कारागीर आणले. १५१६ साली राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या निमंत्रणावरून लिओनार्दो दा व्हिंची लोआरकाठच्या आंब्वाजला आला आणि १५१९ साली तिथेच वारला. त्याच वर्षी शाँबोरचे काम सुरू झाले. या शातोच्या मधोमध असलेला दुहेरी चक्री जिना लिओनार्दोच्या कल्पनेतून आला असावा असे मानतात, पण त्याला लेखी पुरावा नाही. एका वाटेने चढणारा आणि दुसरीने उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून पाहू शकतात, पण वाटेत त्यांची गाठ पडत नाही.

एवढा अवाढव्य शाँबोर बांधून फ्रान्स्वा तिथे उभ्या कारकिर्दीत जेमतेम काही आठवडे राहिला. दरबार सदैव फिरता असे. पलंग, गालिचे, भिंतीवरचे पडदे, भांडीकुंडी असा सारा संसार गाड्यांवर घालून राजा एका शातोतून दुसऱ्यात जाई आणि मागे राहत त्या उघड्या भिंती. म्हणूनच हे महाल एकेकटे पाहण्यापेक्षा एकामागून एक, मुक्काम करत पाहण्यात अर्थ आहे. त्यांचा मूळ वापरही तसाच होता.

शनाँसोची गोष्ट मात्र स्त्रियांची आहे. तेव्हाच्या मालकाची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने नवरा बहुतेक वेळ बाहेर असताना बांधकामावर देखरेख केली. दुसऱ्या हेन्रीने १५४७ साली तो शातो दियान द प्वातिए या आपल्या प्रेयसीला दिला आणि तिने शेर नदीवर पूल बांधवला. हेन्री १५५९ साली वारल्यावर राणी कातरीन द मेदिचीने तिच्याकडून शनाँसो काढून घेतला, बदल्यात शोमाँचा शातो दिला आणि त्या पुलावर दुमजली दालन उभारले. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांची सीमा झाली. दालनाचे दक्षिणेकडचे दार मुक्त भागात उघडत असल्याने तिथून अनेकांनी सुटका करून घेतली.

प्रवासासाठी तूर किंवा ब्लुआ ही मुक्कामाची सोयीची गावे आहेत. पॅरिसहून तूरला ए-१० या टोल महामार्गाने साधारण २४० कि.मी. पडतात, पण खोऱ्यात शिरल्यावर महामार्ग सोडावा. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या जुन्या बंधाऱ्यांच्या माथ्यावरून जाणारे रस्ते नदी सोडत नाहीत आणि शातोंमधली अंतरे बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचीच असतात. भारतीय चालकाने आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना जवळ ठेवावा. वाहने उजवीकडून चालतात आणि गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर वेगमर्यादा सर्वसाधारणपणे ताशी ८० कि.मी. असते. दिवसाला दोनांहून अधिक शातो घेऊ नयेत. तिसऱ्याला पोचेपर्यंत दालनांची सरमिसळ होऊ लागते.

व्हिलांद्रीच्या शातोला जायचे ते बागेसाठी. होआकिन कार्व्हायो या स्पॅनिश डॉक्टरने १९०६ साली तो विकत घेऊन सोळाव्या शतकाच्या धर्तीवर बाग पुन्हा उभी केली. तिथल्या नऊ चौकोनी वाफ्यांत कोबी, बीट, गाजर अशा भाज्या रंगसंगती साधून लावतात आणि वर्षातून दोनदा लागवड बदलते. त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये शनाँसो आणि शाँबोरला गर्दी उसळते, तेव्हा तिथे सकाळी दरवाजा उघडतानाच हजर व्हावे. लहान खासगी शातो हिवाळ्यात बंद असतात आणि काही दुपारच्या जेवणाच्या वेळीही दार लावतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच त्या दिवसाचा मार्ग आखावा.