व्हेलॉसिटी मॉडेल अद्ययावत करणे (सायस्मिक डेटा-प्रक्रिया)

जमिनीखाली कोणत्या खोलीवर कंपनांच्या लहरी किती वेगाने धावतात याचा नकाशा म्हणजे व्हेलॉसिटी मॉडेल. सायस्मिक सर्वेक्षणात यंत्राला कळते ती फक्त वेळ: स्फोट झाला, लहर खाली गेली, एखाद्या थरावरून परतली आणि जिओफोनपर्यंत (जमिनीची कंपने टिपणाऱ्या यंत्रापर्यंत) यायला इतके मिलिसेकंद लागले. त्या वेळेवरून खोली काढायची तर वेग ठाऊक हवा, आणि वेग काढायचा तर खोली. म्हणून आधी अंदाजाचे मॉडेल धरतात, त्यावर डेटा चालवतात, कुठे बिनसले ते पाहून मॉडेल दुरुस्त करतात आणि पुन्हा चालवतात. या फेऱ्यांनाच मॉडेल अद्ययावत करणे म्हणतात.

विदर्भात हे काम मुळातच अडचणीचे आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, म्हणजे दख्खन ट्रॅप, बुलढाण्यापासून वर्धा-यवतमाळपर्यंत पसरलेले आहेत आणि नागपूरच्या आसपास त्यांची पूर्वेकडची कड येते. त्या कडेपलीकडे कामठी, उमरेड, घुग्गुस, वणी, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा असलेले गोंडवाना खडक वर दिसतात किंवा थोड्या खोलीवर मिळतात. वर्धा खोऱ्याच्या पश्चिम बाजूला हेच खडक ट्रॅपखाली शिरतात. घट्ट बेसाल्टमध्ये लहर सेकंदाला साधारण 4,500 ते 6,000 मीटर धावते, त्याखालच्या वालुकाश्मात त्याहून बरीच हळू. बहुतेक खोऱ्यांत खोलीबरोबर वेग वाढत जातो. इथे ट्रॅप ओलांडला की तो कमी होतो.

मॉडेलची सुरुवात पृष्ठभागापासून होते आणि निम्मे काम तिथेच बिघडू शकते. वऱ्हाडातल्या वावरात वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. कोरड्या काळ्या मातीत वेग सेकंदाला 300 ते 600 मीटरच असतो, उन्हाळ्यात भेगा पडल्यावर आणखी कमी. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत मातीची जाडी बदलली, तरी खालचे सपाट थर पडद्यावर वर-खाली झालेले दिसतात. 400 मीटर वेगाच्या मातीचा थर 4 मीटरने वाढला की लहर एका बाजूने 10 मिलिसेकंद उशिरा येते. हा फरक काढून टाकण्याला स्टॅटिक्सची दुरुस्ती म्हणतात. त्यासाठी लहरींच्या पहिल्या आगमनांच्या वेळा वापरतात आणि मधूनमधून उथळ भोक पाडून वेग प्रत्यक्ष मोजतात. गावातल्या विहिरींत मुरूम कुठे संपला आणि कातळ कुठे लागला, ही माहितीही इथे फार कामाची असते. ती फुकट मिळते, तरी बऱ्याच प्रकल्पांत कोणी टिपून घेत नाही.

पुढची पायरी वेग टिपण्याची, म्हणजे पिकिंगची. एकाच बिंदूवरून परतलेली लहर दूरच्या जिओफोनला उशिरा पोहोचते. उभ्या मार्गाने 1 सेकंद लागत असेल आणि वेग 2,500 मीटर असेल, तर 2,000 मीटर अंतरावर ती 1.28 सेकंदाला येते. वेग 3,000 मीटर असेल तर 1.20 सेकंदाला. या वक्रतेवरून वेग कळतो. सॉफ्टवेअर अनेक वेग लावून पाहते आणि कोणत्या वेगाला सगळ्या नोंदी एका रेषेत येतात ते रंगीत पटलावर दाखवते. या मोजमापाला सेम्ब्लन्स म्हणतात. 1969 मध्ये तानेर आणि कोहलर यांनी ते मांडले. दुरुस्तीनंतर रेषा टोकाला वर वळली तर धरलेला वेग कमी पडला, खाली वळली तर जास्त झाला. हा नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि बहुतेक ठिकाणी तो पुरतो.

ट्रॅपखाली मात्र तो फसवतो. लाव्हाच्या एकेका प्रवाहाच्या माथ्याला पोकळ्यांनी भरलेला नरम खडक असतो, दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा थर. अशा घट्ट-नरम थरांच्या चळतीत लहर पुन्हा पुन्हा आपटते आणि तिची ऊर्जा तिथेच विखुरते. खालच्या वालुकाश्मावरून परतलेला क्षीण संकेत या प्रतिध्वनींत बुडून जातो. पटलावर ठळक ठिपका दिसतो तो 4,500 मीटरवर, म्हणजे बेसाल्टमधल्याच प्रतिध्वनीचा. खरा ठिपका डावीकडे, फिकट.

हिशेबच मांडून पाहू. समजा ट्रॅपचा तळ 0.2 सेकंदाला आहे आणि वेग 4,500 मीटर. ही वेळ जाऊन येण्याची असल्याने ट्रॅपची जाडी 450 मीटर. त्याखालच्या गोंडवानाचा तळ 0.5 सेकंदाला आहे. तिथे वरपासून तिथपर्यंतचा सरासरी वर्गमूळ वेग (आरएमएस) 3,930 मीटर टिपला, तर 1955 मधल्या डिक्सच्या सूत्रावरून गोंडवानाचा स्वतःचा वेग सुमारे 3,500 मीटर आणि जाडी सुमारे 525 मीटर निघते. पिक, म्हणजे टिपलेला वेग, 100 मीटरने जास्त पडला तर जाडी साधारण 28 मीटरने फुगते. आणि ठळक ठिपक्याच्या नादी लागून तिथेही 4,500 मीटरच धरला, तर जाडी 675 मीटर निघते. ड्रिलिंग करणाऱ्याला तळ दीडशे मीटर आधीच लागतो.

चुकीचा वेग धरूनही रेषा कधी कधी बऱ्यापैकी सरळ होते, कारण सरळ होते ती प्रतिध्वनीची रेषा. त्यामुळे गॅदर, म्हणजे एका बिंदूच्या सगळ्या नोंदींचा संच, सपाट दिसले म्हणजे मॉडेल बरोबर, हा निकष इथे एकटा पुरत नाही.

आजची पॅकेजेस मॉडेल सुधारायला टोमोग्राफी वापरतात. जमिनीची चौकटींमध्ये विभागणी करायची, प्रतिमेत उरलेली वक्रता मोजायची, आणि ती कमीत कमी राहील असा बदल प्रत्येक चौकटीत वाटायचा. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचे मोफत सायस्मिक युनिक्स घेतले तरी वेग टिपून दुरुस्ती करण्याची मूळ कामे त्यात करता येतात. महागड्या पॅकेजमध्ये हेच बरेचसे आपोआप होते. पण समीकरणे अपुरी असली की उत्तर गुळगुळीत ठेवण्याची अट घालावी लागते, आणि ही अट ट्रॅपच्या तळाशी असलेली वेगाची अचानक उतरण पुसून टाकते. पहिल्या आगमनांवरून केलेल्या टोमोग्राफीला तर ती दिसतच नाही. जास्त वेगाच्या थराखालचा कमी वेगाचा थर लहरीला वाकवून वर पाठवत नाही. त्याची खूण एकच: एका अंतरानंतर पहिली आगमने विरतात आणि पुढची एकदम उशिरा सुरू होतात. म्हणून ट्रॅपचा तळ हाताने, भूगर्भशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने, रेषा म्हणून मॉडेलमध्ये टाकावा, त्याखाली कमी वेग भरावा, आणि त्यानंतरच टोमोग्राफीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या सुधारू द्याव्यात. जवळ बोअरहोल असेल तर तिथे मोजलेला वेग खुंटीसारखा पक्का धरतात. कोळसा पट्ट्यात अशी भोके भरपूर आहेत, कोल इंडियाच्या सीएमपीडीआय या नियोजन संस्थेचे एक प्रादेशिक कार्यालयही नागपुरात आहे; पश्चिम विदर्भात खोल भोके विरळ.

अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, वेगळाच प्रश्न. तिथे नदीच्या गाळाचा जाड थर बेसाल्टवर बसला आहे आणि उत्तरेला गाविलगडच्या डोंगरापाशी भ्रंशावर, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेवर, तो संपतो. थोड्याच अंतरात वेग दुप्पट-तिप्पट होतो. अशा ठिकाणी भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे पिक मिसळून सरासरी काढली की प्रतिमेत भ्रंशाची जागाच सरकते.

या भागात खोल सायस्मिक काम जुने आहे. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने घेतलेल्या दोन लांब सर्वेक्षण-रेषा विदर्भात येऊन संपतात: उज्जैन ते अकोला जिल्ह्यातले महान, आणि मध्य प्रदेशातले खजुरियाकलाँ ते वर्धा जिल्ह्यातले पुलगाव. त्यांच्या नोंदी पुढे नव्या पद्धतींनी पुन्हा तपासल्या गेल्या. 2016 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल सायस्मिक प्रोग्रॅमखाली देशातल्या न तपासलेल्या खोऱ्यांत टू-डी (रेषेखालचा उभा छेद दाखवणाऱ्या) रेषा घेतल्या गेल्या. जुना डेटा पुन्हा चालवला तर मोठा खर्च वाचतो, कारण शेतकऱ्यांची परवानगी, पिकाची भरपाई, स्फोटाची भोके हे सगळे आधीच झालेले असते. बदलायचे असते ते मॉडेल.

प्रत्येक फेरीनंतरचे मॉडेल वेगळ्या नावाने जपतात आणि त्यासोबत संदर्भपातळीची (जिथून सगळ्या वेळा मोजतात तिची) उंची, भरणवेग (त्या पातळीपर्यंतच्या दुरुस्तीसाठी धरलेला वेग) आणि पिक कोणत्या अंतरावर घेतले हे लिहून ठेवतात. दोन रेषा छेदतात तिथे त्यांच्या संदर्भपातळ्या जुळत नसतील, तर एकच थर दोन वेगळ्या वेळांना दिसतो आणि पुढचा माणूस तो फरक भ्रंश समजून नकाशावर काढतो.