व्यापारवाद

साधारणपणे सोळाव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पश्चिम युरोपातील राज्यांच्या आर्थिक धोरणांमागे, तसेच त्या धोरणांची तरफदारी करणाऱ्या लेखनामागे जो विचार दिसतो, त्यास व्यापारवाद म्हणतात. मराठीत वाणिज्यवाद हा पर्यायही वापरला जातो. परदेशांकडून जेवढ्या किमतीचा माल घ्यावा त्याहून अधिक किमतीचा माल त्यांना विकावा, वरची रक्कम सोन्याचांदीच्या रूपाने देशात आणावी आणि त्यासाठी राज्यसंस्थेने जकात, मनाई, मक्तेदारी व उत्तेजनपर अनुदान ही साधने हाती घ्यावीत, हा या विचाराचा गाभा होय. वर दिलेली कालमर्यादा मात्र सोयीपुरती आहे. इंग्लंडमध्ये नौकानयन कायदे (देशाच्या व्यापारात परकी जहाजांना अटकाव करणारे) १८४९ मध्ये, म्हणजे सिद्धांतावरील टीका जगन्मान्य होऊन बराच काळ लोटल्यावर रद्द झाले.

या विचाराचे लेखक म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांनी स्वतःस व्यापारवादी म्हणवून घेतलेले नाही. ते नाव विरोधकांनी दिले. ‘व्यापारी पद्धती’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग मिराबो या निसर्गवादी (शेतीला संपत्तीचे मूळ मानणाऱ्या पंथाच्या) फ्रेंच लेखकाच्या १७६३ च्या ग्रंथात आढळतो, आणि संज्ञेचा उगम सामान्यतः तेथे मानतात. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राष्ट्रांची संपत्ती’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात तीच संज्ञा घेऊन या पद्धतीची सविस्तर झडती घेतली. ‘वाद’ हा प्रत्यय लागून हे रीतसर मत बनले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मन अर्थशास्त्रज्ञांच्या लेखनात. प्रतिपक्षाने केलेल्या मांडणीतून ओळख झाल्यामुळे ‘सोने म्हणजेच संपत्ती असे मानणारे लोक’ ही या लेखकांची प्रतिमा दीर्घकाळ टिकली. मूळ पुस्तिका वाचल्यास ती फारशी टिकत नाही.

सोनेचांदी देशाबाहेर जाऊच देऊ नये, हे मत अर्थातच जुने होते आणि स्पेनसह अनेक राज्यांनी तसे कायदे केले होते. या मतास धातुसंचयवाद म्हणणे अधिक नेमके ठरेल. अमेरिकेतील खाणींची चांदी आल्याने स्पेनमध्ये महागाई वाढते, हे तेथील सालामांका विद्यापीठाच्या परंपरेतील मार्तिन दे आस्पिल्क्वेता याने १५५६ मध्येच नोंदविले होते. नेपल्सच्या आंतोन्यो सेर्राने १६१३ साली चलन अडवून धरण्याचे उपाय व्यर्थ ठरवून, खाणी नसलेल्या राज्यात पैसा खेळतो तो कारखानदारीमुळे, असे प्रतिपादन केले.

सिद्धांताची खरी घडण इंग्लंडमध्ये १६२० नंतरच्या मंदीत झाली. लोकरी कापडाची निर्यात घसरली, नाण्यांची टंचाई जाणवू लागली आणि कारणांचा वाद पेटला. जेरार्ड मॅलिन्स या व्यापाऱ्याच्या मते दोष हुंडीच्या व्यवहारात होता. सराफ हुंडणावळीचा (परकी चलनाशी विनिमयाचा) दर नाण्यातील धातूच्या मोलाहून खाली पाडतात आणि चांदी बाहेर ओढली जाते, म्हणून दर राजाने ठरवावेत. एडवर्ड मिसेल्डनने १६२३ मध्ये उलट बाजू मांडली, की दर हा परिणाम आहे, कारण आहे तो आयात-निर्यातीचा ताळेबंद. याच वादातून ‘व्यापारतोल’ ही कल्पना पुढे आली.

टॉमस मन (१५७१–१६४१) याचे स्थान या वादात मध्यवर्ती आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक होता, ही बाब त्याचे लेखन वाचताना विसरता येत नाही. कंपनीला १६०० च्या सनदेनेच सफरीमागे ३०,००० पौंडांपर्यंत चांदी नेण्याची मुभा होती, कारण पूर्वेकडे इंग्रजी लोकरीला गिऱ्हाईक नव्हते. देशाची चांदी ही कंपनी घालवते, हा आरोप म्हणूनच तिच्या जिव्हारी लागणारा होता. मनने १६२१ च्या पुस्तिकेत हिशेबच मांडला: युरोपात वर्षाला लागणारे ६० लाख पौंड वजनाचे मिरे सिरियातील अलेप्पोच्या बाजारात पौंड वजनामागे २ शिलिंग दराने ६ लाख पौंडांना पडते, तेच पूर्वेकडे अडीच पेनी दराने ६२,५०० पौंडांत मिळते. स्वस्तात आणलेले मिरे इंग्लंडने इतर देशांना विकले, की गेलेली चांदी वाढून परत येते. पेरणीच्या वेळी धान्य मातीत फेकणारा शेतकरी पाहणाऱ्याला वेडा वाटतो, सुगीत त्याचे शहाणपण कळते, असा दाखला त्याने पुढे दुसऱ्या एका पुस्तकात दिला. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर मुलाने १६६४ मध्ये छापले. या पुस्तकाचे लेखन पूर्वी १६३० च्या सुमाराचे समजत. १६२० च्या दशकातील वादाशी असलेली त्याची जवळीक पाहता ते काहीसे आधीचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकेका देशाशी होणाऱ्या व्यापाराचा नव्हे, तर सर्व व्यापाराचा मिळून तोल पाहावा, हा मनचा मुख्य मुद्दा होय. परकी नाणी व धातू बाहेर नेण्यावरील बंदी इंग्लंडने १६६३ मध्ये उठविली.

फ्रान्समध्ये सिद्धांतापेक्षा कारभाराला महत्त्व आले. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर (१६१९–८३) याने १६६४ मध्ये जकाती व १६६७ मध्ये त्याहून कडक जकाती बसविल्या, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि १६६९ च्या नियमावलीने कापडाच्या पन्ह्यापासून प्रतीपर्यंत सारे ठरवून दिले. डचांशी १६७२ मध्ये सुरू झालेल्या युद्धामागे या जकातींचेही कारण होते. १६७८ च्या तहात १६६७ चे दर मागे घ्यावे लागले. जर्मन भाषिक राज्यांतील याच्याशी समांतर परंपरा राजकोश व प्रशासन यांवर भर देणारी होती. तिच्यात ऑस्ट्रियाचा कैवारी हॉर्निक याचे १६८४ चे नऊ नियम प्रसिद्ध आहेत.

भारताशी या धोरणाचा थेट संबंध आला तो कापडामुळे. छापील व रंगीत सुती कापड इंग्लंडमध्ये वापरासाठी आणण्यास १७०० च्या कायद्याने बंदी झाली, पुनर्निर्यात मात्र चालू राहिली. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांनी १७१९ मध्ये छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर रस्त्यात हल्ले केले आणि १७२१ च्या कायद्याने असे बहुतेक कापड अंगावर घालणेही निषिद्ध ठरले.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये दाखविले, की देशात चांदी साचली तर किमती चढतात, निर्यात घटते आणि चांदी आपोआप बाहेर पडते. तेव्हा कायमचा अनुकूल तोल ही अशक्य गोष्ट आहे. स्मिथची टीका अधिक राजकीय होती: ग्राहकाचे हित उत्पादकाच्या हितासाठी बळी दिले जाते, आणि हे नियम रचणारे व्यापारी व कारखानदारच असतात. तरीही संरक्षण हे समृद्धीहून मोलाचे म्हणून नौकानयन कायद्याला त्याने दाद दिली, ही गोष्ट त्याचे अनुयायी सहसा सांगत नाहीत.

इतिहासकारांत एकमत नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ श्मोलरने १८८४ मध्ये यात राज्यबांधणीचे साधन पाहिले. स्वीडनच्या हेक्शरने १९३१ च्या द्विखंडी ग्रंथात एकसंध व्यवस्था उभी करून तिच्या तळाशी ‘मालाचे भय’, म्हणजे देशात माल साचून राहण्याची धास्ती, दाखविले. अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ मध्ये चांदीच्या आवकेने व्याजदर उतरतो म्हणून त्या जुन्या लेखकांना अंशतः न्याय दिला. वायनरने १९४८ मध्ये सत्ता व समृद्धी ही दोन्ही ध्येये त्यांना एकत्रच हवी होती असे दाखविले, तर कोलमनने १९५७ मध्ये अशी काही एकजीव धोरणपद्धती होती हेच नाकारले. धोरणे देशागणिक वेगळी, परंतु त्यांमागील शब्दसंपदा व चिंता समान, हे मधले मत सध्या अधिक स्वीकारार्ह दिसते.

शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदारास लिहिलेले पत्र या संदर्भात कधीकधी पुढे केले जाते. गोव्यातील पोर्तुगीज अमलाखालच्या बारदेशचे मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्यात हुकूम आहे. ही संरक्षक जकात निःसंशय आहे. तिला व्यापारवाद म्हणण्याइतका व्यापारतोलाचा विचार पत्रात नाही. साधारणपणे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रातील नोंद अधिक मार्मिक आहे. टोपीकर (युरोपीय व्यापारी) सावकारी करतात, पण वरकड सावकारांसारखे ते नव्हेत, कारण त्यांचे धनी राज्य करणारे आहेत, असे तेथे म्हटले आहे. पुढे दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या उपपत्तीने व्यापारतोलाचा जुना नियमच उलटा पाडला: भारताची निर्यात आयातीहून सतत अधिक होती, पण तिच्या मोबदल्यात तेवढे काही परत येत नव्हते.