हातातला खराटा कुणाचा?

शनिवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरात मिशनच्या शाळेची नववीतली पोरं हातमोजे चढवून नालीतून गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, काळ्या पन्न्या काढताना दिसली, तर ते नवं खूळ समजू नये. याची मुळं जुनी आहेत.

गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात १९३७ मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेत हातकामाला शिक्षणात जागा मिळाली, पण मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. इकडे ही हवा उशिरा आली. शिक्षणावरच्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’, म्हणजे शाळेतच प्रत्यक्ष हाताने काम करणं, सुचवला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ पुढे आणलं. आयसीएसई या दहावीच्या इंग्रजी माध्यमाच्या परीक्षेच्या शाळांत या कामाची श्रेणी आजही शाळाच देते. योगायोग असा की, त्याच १९७७ च्या डिसेंबरात अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत झाला. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं परिपत्रक आलं. चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात. गांधी जयंती त्यातच येते, त्यामुळे शाळेचं काम एका झाडण्यात भागतं.

खरी गुंतागुंत जातीची. गाव झाडणं, मेलेली गुरं ओढणं ही कामं इथे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलेली होती. महार वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणाऱ्या जमिनी-हक्क, कायद्याने गेली तीही १९५८ नंतर. मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज याच समाजांतले. अशा घरातली आई ‘पोराला शिकायला पाठवलंय, झाडायला नाही’ म्हणाली, तर तिला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण ती चुकत नाही. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा त्यांच्या स्वतःच्या हातात असे. म्हणून मी शाळेत पहिल्यांदा बघतो ते एवढंच: सर-मॅडम वाकतायत की मोबाइलवर फोटो काढतायत?

फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात महिनोन्‌महिने ढीग साचले. ओला-सुका वेगळा करणं हे पुस्तकातलं वाक्य उरलं नाही, ते नाकाला कळलं. पोरांनी शनिवारी भरलेली पोती मात्र अजूनही घंटागाडीची वाट बघत कोपऱ्यावर पडून राहतात. रविवारी कुत्री ती फाडतात.