श्रावणातला आहारप्रयोग

ठाण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये मांजर एका घराचे क्वचितच असते. नौपाड्यातील आमचा बोका सकाळी तळमजल्यावर दूध पितो, दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून तळलेल्या मांदेलीची डोकी वसूल करतो आणि रात्री आमच्याकडे येऊन कोरडे खाद्य खातो. तो आठवड्यातून दोनदा ओकू लागला तेव्हा प्रत्येक घराने दुसऱ्या घराच्या ताटलीला दोष दिला आणि कोणीतरी ‘मांजरे केस गिळतात, ती ओकणारच’ असे सांगून विषय संपवला. लसीकरणाच्या कार्डावर साडेचार किलो वजन नोंदलेला हा प्राणी दवाखान्याच्या काट्यावर चार किलोंच्याही खाली भरला, तेव्हा आम्हाला जाग आली.

चाटताना गिळलेले केस निरोगी मांजराच्या पोटातून बहुतांशी विष्ठेवाटे निघून जातात. जठराची आणि आतड्याची हालचाल मंदावली, की तेच केस साठून त्यांचा गोळा होतो. म्हणून वारंवार पडणारा गोळा हा पुष्कळदा आजाराचे कारण नसून त्याची खूण असतो. उलट्या, पातळ विष्ठा, घटणारे वजन किंवा बदललेली भूक यांपैकी काही तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर पशुवैद्य आतड्याच्या दीर्घकालीन विकाराचा विचार करतात. त्यापूर्वी जंत, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि वयस्कर मांजरांत आढळणारी थायरॉईडची अतिक्रिया या शक्यता विष्ठा आणि रक्त तपासून दूर कराव्या लागतात.

या तपासणीत ब-१२ जीवनसत्त्वाचे मोजमाप महत्त्वाचे असते. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि त्यासाठी लागणारे प्रथिन माणसात जठर बनवते, तर मांजरात स्वादुपिंड. त्यामुळे आतडे बिघडले काय किंवा स्वादुपिंड बिघडले काय, रक्तातील ब-१२ घसरते, आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. शिवाय मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडण्यापूर्वीच एकत्र येतात. म्हणून आतडे, यकृत आणि स्वादुपिंड या तिघांना एकाच वेळी सूज आलेली अनेकदा दिसते.

तरीही उपचाराची पहिली पायरी औषधाची नसून ताटलीची असते. दीर्घकाळ सुजलेल्या आतड्यात रोगप्रतिकारक पेशी अन्नातल्या एखाद्या प्रथिनावर विनाकारण तुटून पडत असू शकतात, आणि अशा मांजराला पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन, किंवा ज्याचे तुकडे इतके बारीक केले आहेत की पेशींना त्याची ओळखच पटत नाही असे खाद्य दिले, तर ज्यांना नुसत्या आहाराने बरे वाटायचे असते त्यांच्यात दोन-तीन आठवड्यांतच फरक दिसू लागतो. अट एकच आणि ती कठोर आहे: दुसरे काहीही तोंडात जाता कामा नये. घरी उकडलेली कोंबडी थोडे दिवस चालते, पण एरवी तिच्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि उकळताना पाण्यात उतरलेले टॉरिन हे मांजराला आवश्यक असलेले अमिनो आम्ल पाण्याबरोबर ओतले जाते. टॉरिन कमी पडले, की मांजराचे हृदय दुर्बळ होते, हे 1987 साली अमेरिकेत झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

आहाराने भागले नाही, तर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देतात. मात्र लसिकापेशींच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, सावकाश वाढणाऱ्या कर्करोगाची लक्षणेही अशीच असतात. सोनोग्राफीवरून आतड्याची सूज आणि हा कर्करोग या दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. त्या कर्करोगातही गोळ्यांच्या आधारे अनेक मांजरे दोन वर्षांहून अधिक काळ चांगली जगतात, म्हणून नाव ऐकताच हाय खाऊ नये.

घरच्या देखभालीत सर्वांत उपयोगी साधन म्हणजे वजनकाटा. चार किलोंच्या मांजराचे 200 ग्रॅम म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलो, आणि दाट केसांखाली ही घट डोळ्यांना दिसत नाही. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, तेव्हा ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबणे त्याच्या बाबतीत धोक्याचे आहे.

आमच्या इमारतीत खरी अडचण ताटल्यांची होती. सुदैवाने प्रयोगाला मुहूर्त श्रावणाचा लागला. दुसऱ्या मजल्यावर मासळी बंदच होती, तळमजल्याने दूध थांबवले आणि बोक्याच्या गळ्यात ‘काही देऊ नये’ अशी चिठ्ठी बांधली. तिसऱ्या आठवड्यात उलट्या थांबल्या. पण आहारामुळेच फरक पडला, हे ठरवायचे तर जुना पदार्थ एकेक करून पुन्हा देऊन पाहावा लागतो, आणि ती अर्धी बाजू विज्ञानाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची असते. गणपती विसर्जनानंतर, पशुवैद्यांच्या संमतीने, काकूंनी मांदेलीचे एक डोके दिले, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या पायपुसण्यावर उत्तर पडलेले होते. दुधाची परीक्षा घ्यायची अजून कोणाची तयारी नाही.