केआय-६७ इंडेक्स (मेनिंजिओमातला)

मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, काढली की पॅथॉलॉजी रिपोर्टात 'केआय-६७: ३%' अशी एक ओळ येते. गाठीच्या शंभर पेशींमागे किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते त्यातून कळतं आणि गाठ परत येईल का याचा अंदाज बांधायला डॉक्टर तो आकडा बघतात.

केआय-६७ हे अशा पेशींतलं एक प्रथिन, पण नाव मुळात प्रथिनाचं नाही, ते हेरून स्लाइडवर रंगानं दाखवणाऱ्या अँटिबॉडीचं. गेर्डेस या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जर्मनीतल्या कीलमध्ये हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून ती मिळवली, 'केआय' हे कीलवरून आणि ६७ हा ९६ खळग्यांच्या प्लेटमधला ती अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या वंशाचा (क्लोनचा) नंबर. पण ती फक्त गोठवलेल्या टिश्यूवर चालायची, मेणातल्या ब्लॉकवर नाही, ती अडचण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयबी-१ ही नवी अँटिबॉडी आणि स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये तापवायची पद्धत आल्यावर सुटली, म्हणून त्याआधीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना जपून. त्याही आधी ऑपरेशनपूर्वी पेशंटला शिरेतून ब्रोमोडिऑक्सियुरिडिन (नव्यानं बनणाऱ्या डीएनएत शिरणारं रसायन) देऊन विभाजन मोजायचे.

हे प्रथिन पेशीचक्राच्या जी१, एस, जी२ आणि एम या चारही टप्प्यांत असतं, विश्रांतीच्या जी० मध्ये जवळपास नसतं. म्हणजे पेशी चक्रात आहे एवढंच कळतं, ते चक्र किती वेगानं फिरतंय ते नाही. हा फरक बरेचदा विसरला जातो.

खरा वाद मोजणीचा. रंग सगळीकडे सारखा चढत नाही, कोणी सगळ्यात दाट भाग मोजतं, कोणी पूर्ण स्लाइडची सरासरी काढतं, आणि त्याच गाठीचे दोन वेगळे आकडे निघतात. पूर्ण काढलेल्या मेनिंजिओमात साधारण ४ टक्क्यांच्या वर धोका वाढतो असं १९९८ च्या सुमारास मांडलं गेलं, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात हा आकडा ग्रेडचा, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे त्या १ ते ३ च्या पायरीचा, निकष नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत (हाय-पॉवर फील्ड) ४ ते १९ मायटोसिस, म्हणजे प्रत्यक्ष दुभंगताना दिसणाऱ्या पेशी, असतील तर ग्रेड २, २० किंवा जास्त असतील तर ग्रेड ३, शिवाय टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल किंवा सीडीकेएन२ए/बी ही जनुकं पूर्ण गळालेली असतील तर थेट ग्रेड ३. हीच भूमिका जास्त पटण्यासारखी आहे. ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली हेही तितकंच महत्त्वाचं, ते मोजायला १९५७ पासूनची सिम्पसन श्रेणी अजून वापरतात. ३ आणि ५ टक्क्यांतल्या फरकावरून कुणाच्या घरी झोप उडायला नको, आधी ग्रेड आणि सर्जननी काय लिहिलंय ते वाचावं.

ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीत, आयडीएच जनुकासारख्या जनुकीय तपासण्या पुढे आल्यात, तिथे केआय-६७ जोडीला बघतात.