जुन्या बारा बोर नळ्यांतील चोक : पार्श्वभूमी

छरे दाट पडावेत म्हणून छऱ्यांच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी किंचित आवळ, म्हणजेच चोक, ठेवण्याचे ब्रिटिश पेटंट १८६६ मध्ये न्यूकॅसलच्या एका बंदूक कारागिराने घेतले आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत निराळ्या रचनेचे पेटंट निघाले. श्रेयाचा वाद पुढे बराच रंगला, तो येथे बाजूला ठेवू. बाजार फिरला तो १८७५ च्या लंडनमधील जाहीर चाचण्यांनी, कारण त्यांत चोकच्या नळ्यांनी सरळ नळ्यांवर स्पष्ट मात केली.

त्याच सुमारास इंग्लंडमधील सरकारमान्य तपासणीत अशा नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळी झाडण्यासाठी नव्हे) हा शिक्का आणि ‘१२ बी, १४ एम’ अशी दोन मापे उमटू लागली. पहिले नळीच्या पोटाचे, दुसरे तोंडाचे. हेतू चांगला होता, पण मापे बोरच्या (एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतात, त्यांतील एकीच्या व्यासाएवढी नळी तितक्या बोरची; म्हणून आकडा वाढला की व्यास घटतो) पूर्णांकांत देण्याचा निर्णय आजच्या गोंधळाला मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, असे म्हणावे लागते. चौदा बोर म्हणजे ०.६९३ इंच आणि तेरा म्हणजे ०.७१०; त्यामुळे ‘१४ एम’ असलेल्या तोंडाचे खरे माप या दोहोंमध्ये कुठेही असू शकते. हा १७ सहस्रांश इंचांचा फरक जवळजवळ हाफ चोकएवढा भरतो, कारण हाफला (अर्ध्या चोकला) २० आणि फुलला (पूर्ण चोकला) ४० सहस्रांश धरण्याचा प्रघात आहे. १८८७ पासून ‘नॉट फॉर बॉल’च्या जागी नुसते ‘चोक’ आले, आणि त्या शब्दावरून आवळ किती हे मुळीच कळत नाही.

त्यातच फुल आणि हाफ ही नावे मुळात मापाची की परिणामाची, हा तिढा आहे. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे पडले तर फुल, ६० टक्के पडले तर हाफ, ही परिणामाची व्याख्या. जुन्या नळ्या दारू आणि छरे यांच्यामध्ये बसणाऱ्या नमद्याच्या डाटासाठी घडवलेल्या होत्या. १९६० च्या दशकात छऱ्यांना वेढणारी प्लास्टिकची वाटी काडतुसात आली आणि तीच नळी, तसूभरही न बदलता, अधिक दाट मारू लागली. सहस्रांशांत तिचा चोक तोच राहिला, टक्क्यांत तो एक पायरी वर गेला. प्रस्तुत लेखकाला टक्क्यांची व्याख्या अधिक प्रामाणिक वाटते, पण त्यासाठी कागदावर बार टाकून छरे मोजावे लागतात आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

तोंडात घालायचे शंकूच्या आकाराचे गेज हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग होय. ते पोट ०.७२९ इंचच आहे असे गृहीत धरते. गंज काढण्यासाठी आतून घासलेल्या जुन्या दुनळीत ते ०.७४० भरले, तर अकरा सहस्रांशांचा आवळ नजरेतून सुटतो. म्हणून डायलचे बोर गेज (नळीचा आतला व्यास मोजणारे साधन) मागच्या टोकापासून नऊ इंचांवर आणि मग तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांत सावकाश सरकवून, सर्वांत अरुंद जागेशी तुलना करावी लागते. नळी मागाहून कापलेली असेल, तर आवळ बहुधा त्या तुकड्याबरोबर गेलेला असतो, बुडाखालचा ‘चोक’ शिक्का मात्र शाबूत राहतो.