पावसाळी फेस्तं (गोवा)

फेस्त म्हणजे गोव्यातल्या कॅथलिक लोकांचा एखाद्या संताचा नाहीतर सायबिणीचा (म्हणजे मारियामातेचा) सण, शब्द पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आलाय. साचा ठरलेला असतो: आधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थना, आदल्या संध्याकाळी वेस्पर (सांजप्रार्थना), फेस्ताच्या दिवशी इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये मोठी मीस (मास, मुख्य उपासना), मग मिरवणूक, बाहेर फेरी म्हणजे जत्रेसारखी दुकानं, आणि रात्री जमलं तर तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक. गावागणिक संत बदलतो, बाकी सगळं तेच. पण जूनपासून ऑगस्टपर्यंतची जी फेस्तं आहेत ना, त्यांची गंमत वेगळी आहे. बाहेर धो धो पाऊस, ट्रॉलर बंद, पर्यटक कमी, आणि अशा दिवसांत लोक विहिरीत उड्या मारतात, इगर्जीत काकडी नेऊन बाळ मागतात, तिरफळांच्या गोळ्या झाडून लुटुपुटीची लढाई करतात. आणि हे सगळं पोटभर जेवून. या नोंदीत तेवढीच फेस्तं घेतली आहेत. कार्निव्हल आणि नाताळ सगळ्यांना माहीत आहेत.

सुरुवात खरं तर पाऊस पडायच्या आधीच होते, खरेदीपासून. मडगावच्या होली स्पिरिट इगर्जीचं फेस्त पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीच्या सणाच्या) सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये येतं आणि त्याला लोक पुरुमेंताचं फेस्त म्हणतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मूळ पोर्तुगीज शब्द ‘प्रोव्हिमेंतो’. सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, मिरच्या, चिंच, सोलं, कांद्याच्या माळा, मीठ, हे सगळं त्या फेरीत घ्यायचं आणि घरी डब्यात भरून ठेवायचं. संताचा सण आणि किराणा एकाच फेरीत उरकायची ही सोय मला फार आवडते. या सुक्या सुंगटांचं पुढे पावसात किसमूर होतं: भाजलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि चिंचेचा कोळ किंवा सोलं, कालवलं की झालं. पेजेबरोबर किंवा भात-कढीबरोबर खायचं. ताजी मासळी मिळत नाही ही तक्रार मग कोणी फारशी करत नाही.

मग येतो सांजांव, २४ जून. हा संत जुआंव म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, आणि विहिरीत उड्या मारण्याचं मूळ थेट बायबलात दाखवतात. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे की मारिया आपल्या नातलग एलिझाबेथला भेटायला गेली, तिचं अभिवादन कानावर पडताच एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे हा योहान. त्याने पोटात उडी मारली, आपण विहिरीत मारायची, असा सरळ हिशोब. तारखेचा हिशोबही तिथलाच आहे, देवदूत मारियाला सांगतो तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना असतो, म्हणून नाताळच्या बरोबर सहा महिने आधी योहानाचा वाढदिवस. आता हाच सण पोर्तुगालात पोर्तो शहरात कसा होतो बघा: तिथे तो उन्हाळ्याचा मध्य, रात्रभर शेकोट्या पेटवून त्यावरून उड्या मारतात, सार्डिन भाजतात आणि रस्त्यात भेटेल त्याच्या डोक्यात प्लास्टिकचा हातोडा मारतात. गोव्यात २४ जूनला शेकोटी पेटवायची म्हटली तर लाकूड कोरडं मिळायला हवं. तेव्हा संत तोच राहिला, उडीही राहिली, पण आगीच्या जागी पाणी आलं.

सांजांवची खूण म्हणजे कोपेल, डोक्यावर घालायचा पानाफुलांचा मुकुट. वेली, नेचे, तेरडा, जास्वंद, जे परसात उगवलेलं असेल ते. काही लोक त्यात फळंही अडकवतात. तो चांगला जाड वळावा लागतो, नाहीतर पहिल्या उडीतच विहिरीत तरंगत राहतो आणि बाकीचे हसतात. सकाळची मीस झाली की टोळकी निघतात, घुमट आणि कांसाळं (झांजा) वाजवत घराघराला जातात, “व्हीवा सांजांव” ओरडतात, त्या घरच्या विहिरीत उड्या मारतात, आणि घरवाल्यांनी काठावर ठेवलेली फेणी, फणसाचे गरे, अननस, उकडलेले चणे असं काही घेऊन पुढच्या घरी. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाल्यावर बकरीचं आलं, आणि आवाज पहिल्यासारखा नाही असं जुने वाजवणारे म्हणत राहतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

मी एकदा बार्देशात एका ओळखीच्या घरी हे जवळून बघितलं. विहीर गोल, चिऱ्याची, पाणी काठापासून दोन हातांवर आलेलं, आत बांबूची शिडी सोडलेली आणि एक जाड दोरखंड. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत घरचे आजोबा छत्री घेऊन बसलेले, आणि ते प्रत्येकाच्या उडीवर निकाल देत होते. एक जाडगेला मुलगा धप्पकन पडला तर म्हणाले, “हो उडूंक ना रे, हो पडलो.” म्हणजे ही काही उडी नाही, हा नुसता पडला. त्याला परत वर काढून परत उडी मारायला लावली. मोबाइल सगळ्यांचे गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात. दरवर्षी पेपरात येतं की दारू पिऊन उडी मारू नका, पाण्याखाली काय आहे ते आधी बघा, आणि ते गंभीरपणेच घ्यायला हवं, त्या घरी शिडीजवळ एक न पिणारा भाचा दिवसभर मुद्दाम उभा केला होता आणि बिचाऱ्याला वडे सोडून काही मिळालं नाही.

सांजांवला जावयाचं फेस्तही म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवला जावई सासरवाडीला जातो, सासू त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते, जेवणाचा थाट असतो, आणि मग सगळं गाव त्याला घेऊन विहिरीवर जातं. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीचं ताट मिळतं तसाच लाड, फक्त इथे ताट रिकामं केल्यावर पाण्यात पडावं लागतं. नवीन बाळ झालं असेल त्या घरीही टोळकं आवर्जून जातं.

शिवोलीत हा सण पाण्यावरून येतो. शापोरा, बादे, हणजूण या बाजूंहून सजवलेल्या होड्या खाडीतून शिवोलीच्या सांत आंतोनच्या (संत अँथनीच्या) इगर्जीसमोर येतात, ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. आता तिथे स्टेज, लाउडस्पीकर, स्पॉन्सरचे बॅनर आणि कोपेल-होडी स्पर्धेची बक्षिसंही असतात. याच इगर्जीतल्या सांत आंतोनच्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला नाग आहे, जाताजाता तोही बघून घ्यावा.

पाच दिवसांनी, २९ जूनला, संत पेद्रू आणि संत पावलू (पीटर आणि पॉल) यांचं फेस्त. पेद्रू मुळात कोळी, त्यामुळे हे मासे मारणाऱ्यांचं फेस्त, आणि तेही ऐन मासेमारीबंदीत (गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस). होड्या नुसत्या बांधून ठेवलेल्या असतात ना, मग दोन होड्या एकमेकींना जोडायच्या, वर फळ्यांचं स्टेज करायचं, मागे इगर्जीची किंवा कपेलाची (छोट्या प्रार्थनाघराची) हुबेहूब प्रतिकृती उभी करायची आणि ती तरंगती रंगभूमी खाडीतून हळूहळू न्यायची. याला संगोड म्हणतात. मराठीत आपण दोन गोष्टींची सांगड घालतो तीच ही सांगड, इथे अजून लाकडाची आहे. कांदोळीजवळचं ओर्डा यासाठी प्रसिद्ध, रायबंदर आणि आगशीकडेही संगोड होतो. स्टेजवर गाणी आणि छोटे प्रवेश होतात, तियात्राच्या चालीचे, म्हणजे पंचायत, रस्त्यावरचे खड्डे, दारुडा नवरा, बोटीवरून परत आलेला आणि इंग्रजी फाडणारा शेजारी, कोणालाच सोडत नाहीत. प्रेक्षक काठावर छत्रीखाली. पाऊस आला की प्रवेश थांबत नाही, नट फक्त मोठ्याने बोलतात.

२६ जुलैच्या आसपास येतं तवशाचं म्हणजे काकडीचं फेस्त, आणि मला विचाराल तर सगळ्यात खट्याळ हेच. तिसवाडीतल्या तळावलीला सांतानेची, म्हणजे संत अॅनची, इगर्ज आहे, १६८१ ते १६९५ या काळात बांधलेली, उंच बुरुजांची, गोव्यातल्या सुंदर इगर्जींपैकी एक. सांतान म्हणजे मारियाची आई, येशूची आजी. तिला म्हातारपणी मूल झालं अशी परंपरा, म्हणून मूल होत नाही ते जोडपं तिच्याकडे येतं आणि तवसं वाहतं. तवसंच का? कारण पोर्तुगीजमध्ये तवसं म्हणजे ‘पेपीनो’ आणि मुलगा म्हणजे ‘मेनीनो’. पेपीनो घे, मेनीनो दे. यमक जुळलं, नवस झाला. इथवर ठीक, पण लग्न न झालेल्यांनी काय करायचं? पोरगा चमचा नेतो, चमचा म्हणजे ‘कुल्येर’ आणि बायको म्हणजे ‘मुल्येर’. पोरगी उडीद नेते, कारण नवरा म्हणजे ‘मारीदो’, आणि उडदाला जवळचा पोर्तुगीज शब्द सापडेना म्हणून आपल्याच उडदाला शेपूट लावून ‘उरीदो’ केलं. म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेत यमक कमी पडलं तर वाण्याच्या दुकानातून उडीद आणून पूर्ण करायचं. आता पोर्तुगीज बोलणारे फार थोडे राहिलेत पण हे यमक पाठ आहे. इगर्जीच्या बाहेर तवशांचे ढीग असतात, हिरवी-पांढरी, मनगटाएवढी, आणि आत हात जोडून उभी असलेली माणसं मात्र अजिबात हसत नसतात. थट्टा यमकात आहे, मागणं खरं आहे. तवशाचा मोसमही हाच, उरलेल्याची घरी तवसोळी होते: किसलेलं तवसं, रवा, गूळ, खोबरं, केकसारखं भाजलेलं. कोकणात तिला धोंडस म्हणतात.

१५ ऑगस्टला देश झेंडा फडकवतो आणि गोव्यातली कॅथलिक घरं पातोळ्या उकडतात, कारण त्या दिवशी मारियामातेच्या स्वर्गारोहणाचं फेस्त. भाताच्या नवीन कणसांचं फेस्तही याच सुमाराला गावोगाव होतं, पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं कापून आशीर्वाद देतो. पातोळी तर आपल्याला नवीन नाही, नागपंचमीला कोकणात तीच होते: हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, मधोमध खोबरं-गूळ-वेलची, पान दुमडायचं आणि वाफवायचं. वाफेबरोबर हळदीच्या पानाचा जो वास घरभर पसरतो त्यात कोणाचा धर्म कळत नाही. फरक असलाच तर तांदळात आणि गुळात, कॅथलिक घरात लाल उकडा तांदूळ आणि माडाचा काळा गूळ जास्त चालतो, त्यामुळे पातोळी सावळी दिसते.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा. पोर्तुगीज ‘बांदेइरा’ म्हणजे झेंडा. गावातल्या वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून इतकी भांडणं आणि मारामाऱ्या व्हायच्या की हद्दीवर झेंडे लावले, तर लोकांनी ते झेंडेच पाडायला सुरुवात केली, आणि कालांतराने त्या भांडणाचीच जत्रा झाली. हत्यार म्हणजे फोटाश: बांबूची नळी, तीत तिरफळाची हिरवी फळं घालायची आणि दांडा जोरात दाबायचा, फट्ट आवाज होऊन फळ समोरच्याच्या पाठीवर. तेच तिरफळ, जे बांगड्याच्या आमटीत चार टाकतो. लागतं थोडं, पण वासही येतो. बेटावरच्या पिएदाद गावात चित्ररथ, बँड आणि फेरीबोटीला ही रांग. जायचं असेल तर जुन्या गोव्याहून दुपारी लवकर फेरीबोट धरावी.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं, कारण फेस्ताला पाहुणा न जेवता गेला तर तो अपमान धरतात. मानाचा पदार्थ सोरपोतेल: डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून, मसाला आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये शिजवलेलं. बरोबर सान्नां, म्हणजे माडाची सूर (माडी) घालून फुगवलेल्या इडल्या म्हणा हवं तर, पण यजमानिणीसमोर इडली म्हणू नका. सोरपोतेल फेस्ताच्या दोन-तीन दिवस आधीच करतात आणि रोज एकदा गरम करतात, व्हिनेगर मुरलं की चव चढते. शाकुती, पुलाव, गोडात दोदोल नाहीतर बेबिंक. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं पण म्हातारी माणसं ते मिळायच्या आधीही पोटदुखीवर तीच घेत होती. फेरीतून घरी न्यायचं ते खाजें, बेसनाच्या कुरकुरीत कांड्या, गूळ, तीळ आणि आल्याचा पाक चढवलेल्या. दात नसलेल्यांनी चहात बुडवून खावं.

हे सगळं मुंबईतही पोचलेलं आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांसाठी गावांनी मुंबईत खोल्या घेऊन ठेवल्या, त्यांना कूड किंवा क्लब म्हणतात, धोबीतलावच्या जेर महालात अजून कितीतरी आहेत. प्रत्येक कूडात एक वेदी, समोर ओळीने ट्रंका, संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना), आणि गावच्या संताचं फेस्त तारखेला ठरलेलं. तियात्रही मुंबईचंच पोर, पहिला १७ एप्रिल १८९२ रोजी इथेच झाला. कूडातल्या फेस्ताला लादायन (गाऊन म्हटलेली प्रार्थना) संपली की उकडलेले चणे आणि पेग फिरतो, आणि सांजांवला कोणीतरी हटकून विचारतं की विहीर कुठाय. मग गच्चीवर जाऊन एकमेकांवर बादल्या ओततात.